जड पाणी: क्षार बसतो कुठे, निघतो कसा

नळाचं पाणी जड आहे हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या आतल्या कडेला राखाडी, चिकट साय धरते आणि स्टीलवरचा थेंब वाळला की पांढरं वर्तुळ उरतं. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. घरात मात्र 'जड' किंवा 'क्षाराचं' हेच शब्द चालतात. दोष पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा.

उपाय शोधण्याआधी आकडा हातात हवा. जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सांगतात: लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत पाणी मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फारच जड. घरी मोजायला थेंबांचं किट मिळतं. ठरलेल्या मापाच्या पाण्यात थेंब मोजत टाकायचे आणि लालसर रंग निळा झाला की थांबायचं. टीडीएस मीटरवर मात्र विसंबू नका. तो विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा अंदाज देतो, जडपणा वेगळा सांगत नाही. मिठाचं पाणी मऊ असूनही त्यावर भरमसाट आकडा दिसतो. लहान शहरांत धरणाचं आणि बोअरचं पाणी कमीजास्त प्रमाणात मिसळून येत असेल, तर हा आकडा ऋतूप्रमाणे बदलतो. एकदा भर उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर मोजलेलं बरं.

समजा आकडा ३०० आला आणि घरात रोज ५०० लिटर पाणी लागतं. म्हणजे दिवसाला १५० ग्रॅम क्षार घरातून जातो. ऐकून धडकी भरते, पण त्यातला बहुतेक सरळ गटारात जातो. घरात तो मुख्यतः दोन ठिकाणी बसतो: पाणी तापतं तिथे आणि पाणी वाळतं तिथे. एवढं लक्षात ठेवलं की निम्मा खर्च वाचतो.

वाळण्याचा इलाज फडकं. आंघोळीनंतर नळ, काच आणि फरशी कोरडी पुसली तर डाग पडतच नाही. पडलेला डाग ताजा असताना व्हिनेगरने निघतो, सहा महिन्यांचा झाला की घासून जीव जातो. नळाची धार वाकडी येऊ लागली तर टोकाची जाळी उलटी फिरवून काढा आणि अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशने घासा. शॉवरची रबरी बोंडं नुसती अंगठ्याने चोळली तरी आतली खपली तुटून पडते. शॉवर रात्रभर आम्लात ठेवायचा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, पण त्याने क्रोमचा मुलामा जातो. संगमरवर आणि टाइल्समधल्या सांध्यांवर कुठलंच आम्ल नको, कारण संगमरवर म्हणजे तोच क्षार, दगड झालेला. संडास साफ करायचं तीव्र अ‍ॅसिड नळांना लावू नका. आणि आम्ल व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

फ्लशची टाकी सतत गळत असेल तर वॉशर बदलण्याआधी त्याची बैठक बोटाने चाचपून पाहा. वाळूसारखं खरखरीत लागलं तर दोष क्षाराचा आहे, आणि नवा वॉशरही गळेल.

खरं नुकसान गीझरमध्ये होतं. पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट फुटतात आणि चुन्यासारखा थर कॉईलवर बसतो. थर उष्णता अडवतो. पाणी उशिरा तापतं, कॉईल मात्र आतून जास्त तापते आणि शेवटी जळते. गीझर सुरू असताना खडखड किंवा फुटफुट असा आवाज येऊ लागला की थर जाड झाला म्हणून समजा. तापमान ५५ ते ६० अंशांवर ठेवा, त्याच्या वर गेलं की थर झपाट्याने वाढतो.

साफ करताना आधी एमसीबी (वीज तोडणारा स्विच) बंद, मग पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, मग टाकी पूर्ण रिकामी. वायरिंगची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनच बोलवा. झाकणाचे बोल्ट काढून कॉईल बाहेर आली की ती अंड्याच्या टरफलांचे थर चढवल्यासारखी दिसते. ती ठोकू नका. वरचं आवरण चिरलं तर पाण्यात करंट उतरतो. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून कॉईलची धातूची दांडी त्यात ठेवा, तारा जोडायची टोकं कोरडी राहू द्या. बुडबुडे थांबले आणि थर उरला असेल तर द्रावण बदला. उकळतं पाणी घेऊ नका, त्यात लिंबूसत्वाचाच कॅल्शियमशी न विरघळणारा साका होतो. अ‍ॅनोडची दांडी (टाकीऐवजी स्वतः गंजून झिजणारी) निम्म्यापेक्षा जास्त झिजली असेल तर बदला आणि गॅस्केट नवीनच टाका. सुरक्षा व्हॉल्व्ह क्षाराने अडकलेला नाही ना, हे जरूर तपासा, कारण टाकीतला जादा दाब तिथूनच सुटतो. शेवटी गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरा आणि मगच बटण दाबा. कोरडी कॉईल काही क्षणांत जळते.

वॉशिंग मशीनमध्ये कपडे कडक आणि राखाडी निघतात, कारण पावडरचा एक भाग कॅल्शियमशी झुंजण्यातच संपतो. पाकिटावरची जड पाण्यासाठीची मात्रा वापरा. हीटर असलेल्या मशीनमध्ये दोन-तीन महिन्यांनी १०० ग्रॅम लिंबूसत्व टाकून ६० अंशांवर रिकामी फेरी चालवा. पाणी आत येतं तिथली जाळीही काढून धुवा.

आता सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र. त्यातलं रेझिन, म्हणजे बारीक कृत्रिम मणी, कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम जडपणा पकडतं. म्हणजे २५ लिटर रेझिन ३०० च्या पाण्यावर जेमतेम ४,००० लिटरपर्यंत चालतं, मग सुमारे ४ किलो मिठाच्या पाण्याने ते पुन्हा जागं करावं लागतं. हाच हिशेब नळाला लावायच्या छोट्या कार्ट्रिजला लावा. अर्धा लिटर रेझिन २५ ग्रॅम पकडणार, म्हणजे ८० लिटरच्या आसपास काम संपलं. चार बादल्या! नुसता कार्बन भरलेला शॉवर फिल्टर क्लोरीन कमी करतो, जडपणाला तो हातही लावत नाही. पाइपला बांधायच्या चुंबकांवर पैसे घालवू नयेत.

सॉफ्टनर बसवलाच तर पिण्याचा आणि झाडांचा नळ त्याच्या आधीच काढून घ्या. ३०० च्या पाण्यात सॉफ्टनर लिटरमागे सुमारे १४० मिलिग्रॅम सोडियम वाढवतो. जड पाणी पिण्यात तशी अडचण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा घातलेली नाही. सोडियम मात्र रक्तदाबाच्या रुग्णाला आणि कुंडीतल्या मातीला, दोघांनाही नको असतो.