दुसऱ्या शिलाईची भोकं

लातूरच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल. शेजारच्या जिल्ह्याच्या ग्राहक मंचावर माझी सदस्य म्हणून नेमणूक झाली, तेव्हा अडतीत एकच चर्चा : बाईंनी कुणीतरी मंत्री गाठला. गाठायला मंत्री नव्हताच. 1986 च्या कायद्यानुसार मंचाच्या दोन सदस्यांपैकी एक तरी महिला लागायची, आणि दहा वर्षांचा अनुभव कायदा, हिशेब, वाणिज्य यांच्याबरोबर उद्योगातला असला तरी चालायचा. राज्य आयोगाच्या अध्यक्षांच्या समितीने मुलाखत घेतली, शासनाचा आदेश निघाला. मुदत पाच वर्षं.

पहिले काही महिने मी गप्पच असायचे. पट्टी, चुनी, फटका डाळ हे माझे शब्द. इथे पुरसीस, म्हणजे पक्षकाराने मंचापुढे दिलेलं लेखी निवेदन, आणि रोजनामा, म्हणजे रोजच्या कामकाजाची नोंद. आणि गैरअर्जदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो. दुकानदाराच्या नावापुढे तो शब्द दिसला की मला उगाच आपल्यालाच पुकारल्यासारखं व्हायचं.

2013 च्या खरिपातलं सोयाबीनच्या बियाण्याचं प्रकरण अंतिम युक्तिवादाला आलं, तो दिवस मात्र लक्षात आहे. चार एकर, तीस किलोच्या चार पिशव्या. तालुका समितीच्या पंचनाम्यात उगवण शंभरात जेमतेम अठ्ठावीस. प्रमाण किमान सत्तर टक्क्यांचं. कंपनीचे वकील तयारीचे. पेरा खोल गेला, पाऊस ओढला, पंचनाम्याला आम्हाला बोलावलं नाही. आणि मुख्य मुद्दा : कलम 13 नुसार बियाणं प्रयोगशाळेत गेलंच नाही, मग सदोष कशावरून?

"मॅडम, सगळं पेरलं की. घरात ठिवून काय करू?" तक्रारदार म्हणाले. त्यांच्या वकिलांनी त्यांना खाली बसवलं.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2012 चा राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यातला निकाल होता. शेतकऱ्याने तपासणीसाठी बियाणं राखून ठेवावं ही अपेक्षाच चुकीची. लॉटचा नमुना कंपनीकडे असतो, तिने तो तपासून घ्यावा. अध्यक्षांना तो निकाल पाठ होता. तरीही ते अडखळत होते, कारण पाऊस खरंच ओढला होता.

तेवढ्यात शिपायाने मुद्देमालातली रिकामी पिशवी टेबलावर ठेवली. प्लॅस्टिकच्या विणीची, चौघडी केलेली. वरच्या शिलाईत प्रमाणित बियाण्याचं निळं लेबल. मी सवयीने तोंडाकडची कड दोन बोटांत धरून उजेडाकडे केली. मिलमध्ये रोज कट्टे शिवून जातात, त्यामुळे हाताला आपोआप कळतं. दोऱ्याच्या खाली बोटभर अंतरावर भोकांची आणखी एक सरळ ओळ होती. दोरा नव्हता, नुसती भोकं. एका भोकात कागदाचा निळा कपटा अडकलेला. पिशवी एकदा शिवून, उसवून, पुन्हा शिवलेली होती.

मी अध्यक्षांकडे झुकून हळूच सांगितलं. ते तितक्याच हळू म्हणाले, "मॅडम, तुम्ही साक्षीदार नाही. तुम्हाला जे माहीत आहे ते पुरावा होत नाही. विचारायचं असेल तर विचारा."

मग मी विचारलं. हा लॉट पहिल्यांदा तपासला कधी? प्रमाणित बियाण्याच्या चाचणीची मुदत नऊ महिने. ती संपल्यावर पुन्हा चाचणी करून नवं लेबल लावता येतं, त्यात बेकायदा काही नाही. तसं झालं असेल तर तो अहवाल आणि राखीव नमुन्याचा अहवाल दाखल करा. कंपनीच्या प्रतिनिधीने पिशवीकडे पाहिलं, मग वकिलांकडे. वकिलांनी तारीख मागितली. पुढच्या तारखेलाही तेच. त्यानंतर "कागद उपलब्ध नाहीत" अशी पुरसीस आली.

सोयाबीनचं साल फार पातळ. वर्षभर थप्पीत दबलेलं, हमालांनी दोनदा आपटलेलं बी वरून टवटवीत दिसतं, पण आतून मेलेलं असतं. हे मला माहीत होतं, पण निकालात लिहिता आलं नाही. तक्रार अंशतः मंजूर झाली : बियाण्याची किंमत, पिकाचं काही नुकसान, खर्च. कारण काय, तर कागद मागूनही दाखल केले नाहीत. निकालपत्रात शिलाईचा एक शब्द नाही. तेव्हा मला ते खटकलं होतं. आता वाटतं, अध्यक्षांनी अपिलात निकाल टिकेल असंच लिहिलं.

सही करून मी संध्याकाळी मिलवर परतले. हैदराबादहून कीड लागली म्हणून परत आलेले चाळीस कट्टे गेले दोन दिवस पडून होते. ते सॉर्टेक्सवरून, म्हणजे खराब दाणे वेगळे काढणाऱ्या यंत्रावरून, काढून पुन्हा शिवायला घेतले होते. मुनीमजी टॅगांचा गठ्ठा घेऊन उभे.

"ताई, तारीख आजचीच टाकू ना?"

एरवी मी चालता चालता "टाका" म्हणायचे. त्या दिवशी शिलाईचं मशीन बंद करायला लावलं आणि जुने टॅग मागितले. ते कुणी ठेवलेच नव्हते.