आमची वाटचाल : भांडी बाजार ते अंबड

आमचं घराणं तांबटांचं. नाशिकच्या भांडी बाजारात आजोबांचं दुकान होतं आणि मागच्या पडवीत दिवसभर ठोकाठोक चाले. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की आजोबा हंडा भट्टीत लाल करायचे, पाण्यात बुचकळायचे आणि पुन्हा मांडीशी घ्यायचे. पोलाद असं लाल करून पाण्यात टाकलं तर कडक होतं, पितळ मात्र मऊच राहतं. हे मला शाळकरी वयापासून ठाऊक होतं. त्यामागचं कारण कळायला चाळिशी उलटावी लागली.

स्टीलनं भांड्यांचा धंदा आधीच खाल्ला होता. 2008 साली गोदावरीला पूर आला, दुकानात कमरेएवढा गाळ साचला आणि वडील म्हणाले, "आता पुरे." मी तोवर सातपूरला डाय फिटर होतो, म्हणजे प्रेसचे साचे (डाय) बसवायचो. साठवलेले पैसे आणि आईच्या पाटल्या घालून नाशिकच्याच अंबड औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा घेतला, जुना पॉवर प्रेस बसवला. द्राक्षबागांच्या फवारणी पंपाला लागणारा पितळी बुधला, म्हणजे तोंड आवळलेलं बाटलीसारखं नळकांडं, हा आमचा पहिला माल, आणि आजही मुख्य माल तोच.

बुधला पत्र्याच्या गोल चकतीतून निघतो. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेलं पितळ आम्ही वापरतो. जगभर या पितळेला काडतुसाचं पितळ म्हणतात, कारण इतकं खोल ओढलं तरी न फाटणारा धातू स्वस्तात दुसरा मिळत नाही. प्रेसवर चकती डायमधून ओढायची, त्याला ड्रॉ म्हणतात. पहिल्या ड्रॉला वाटी होते, पुढच्या ड्रॉला पेला, मग नळकांडं. दर ड्रॉनंतर पितळ कडक होतं, म्हणून मधेमधे साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून मऊ करायचं. जास्त तापवलं की आतला कण मोठा होतो, पुढच्या ड्रॉला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत निघतो आणि असा माल भंगारातच जातो. शेवटी डायमध्ये दाबून तोंड आवळायचं, म्हणजे मान काढायची. पितळ दाबलं की थोडं मागे उसळी घेतं, म्हणून डायचं भोक मापापेक्षा किंचित लहान ठेवावं लागतं. त्या किंचितपणासाठी मी पहिलं वर्षभर डाय घासत होतो.

तिसऱ्या पावसाळ्यात दिंडोरीकडच्या एका दुकानदाराचा फोन आला. "भाऊ, तुमचे बुधले खोक्यातच फुटलेत. एकही पंपाला लावलेला नाही."

जाऊन पाहिलं. मानेवर उभे, केसासारखे तडे. चांगल्या बुधल्याला टिचकी मारली की खणखणीत वाजतो, हे बद्द वाजत होते. मी पत्र्याला दोष दिला, दुसऱ्या पत्र्याचा माल बनवून पाठवला. महिन्याभरात तोही फुटला. खेपेचे पैसे बुडाले. त्याहून जास्त लागलं ते त्या दुकानदाराचं बोलणं: "तांबटाचा मुलगा ना तुम्ही?"

मार्ग दाखवला देवळाली कॅम्पातल्या एका निवृत्त हवालदारांनी. ते सासऱ्यांचे शेजारी, आयुष्यभर हत्यारांच्या वर्कशॉपात काम केलेले. बुधला हातात फिरवून त्यांनी एवढंच विचारलं, "माल ठेवला होता तिथं खत होतं का?" होतं. ऑक्टोबर छाटणीसाठी आणलेलं कोंबडखत, ताडपत्रीखाली, भिंतीला लागूनच. मग त्यांनी सांगितलं की इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात अशीच फुटायची, कारण ती तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की तडा. या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' हे नाव पडलं आणि 1921 साली मूर, बेकिनसेल व मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला.

आमच्याकडे तबेल्याच्या जागी कोंबडखत होतं, आणि ताण मान आवळताना आम्हीच भरला होता.

परदेशात परवानाधारक नेमबाज वापरलेली काडतुसं पुन्हा भरतात. बार उडाला की पितळ फुगतं, ते डायमध्ये दाबून मापात आणतात; काहीजण .30-06 या मापाच्या काडतुसाची मान आवळून ते .25-06 या लहान तोंडाच्या मापाचं करतात. दर खेपेला मान कडक होत जाते आणि वेळीच तापवली नाही तर चिरते. (आपल्याकडे दारूगोळा बनवायला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आम्ही त्या वाटेला कधी गेलो नाही, जाणारही नाही.) हवालदारांनी त्यातली एक युक्ती दिली. काडतुसाचं बूड कडक राहायलाच हवं, म्हणून ती परातीत पाण्यात उभी करायची आणि वरची मान तेवढी तापवायची. आमच्या बुधल्याला बुडाशी आटे असतात, तेही मऊ पडून चालत नाहीत. मी घरून धुण्याची परात आणली, अर्ध्यापर्यंत पाणी भरलं, बुधले रांगेत उभे केले. गाळ्यातले दिवे मालवले आणि मान अंधारात जेमतेम लालसर दिसली की ज्योत काढली. मानेखाली एक निळसर पिवळा पट्टा उमटला. लष्करी काडतुसाच्या मानेवर दिसतो तसाच.

आता परातीच्या जागी फिरती बैठक आहे. मान आवळून झाली की सगळा माल 260 अंशांना एक तास भट्टीत ठेवतो. एवढ्यात कडकपणा जात नाही, ताण मात्र निघतो. वीजबिल वाढलं, दर बुधल्यामागे थोडे पैसे जास्त पडतात, त्यामुळे दोन गिऱ्हाइकं तुटली. ती तुटली तरी भट्टी मी बंद केली नाही.

दिंडोरीच्या दुकानदाराला तिसरी खेप फुकट दिली. ती त्यांनी मुद्दाम त्याच भिंतीला लावून ठेवली, दिवाळीपर्यंत. त्यानंतर त्यांची ऑर्डर कधी चुकलेली नाही.

दर खेपेतला एक बुधला आम्ही झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी अमोनियाचं पाणी घालून, चोवीस तास टांगून ठेवतो. भट्टीवरच्या ताई सकाळी आल्या की आधी बरणीकडे जातात. बुधला बाहेर काढतात, धुतात, खिडकीशी नेऊन मान फिरवून बघतात आणि टिचकी मारतात. तो आवाज मला आत टेबलाशी बसून ऐकू येतो. मग टेम्पो भरायला सांगतो.