दुसऱ्या बाजूची गाणी

इंदूरहून अमेरिकेत येणाऱ्या सूटकेसमध्ये शेव असते, जिरावन असतं आणि हल्ली दोन-चार जुन्या कॅसेटही असतात. घर आवरताना माळ्यावरून निघालेल्या. सोबत निरोप: ‘तुमच्याकडे मशिनं चांगली मिळतात, तिकडेच करून टाका.’ हा लेख म्हणजे त्या निरोपाला उत्तर. कॅसेट पाठवू नका, त्यातली गाणी कॉम्प्युटरवर उतरवायचं काम इंदूरलाच करा. मशीन इथे चांगलं मिळेलही, पण त्या फितीत मधेच खोकणारं माणूस कोण, हे सांगणारं कुणी इथे नाही.

बहुतेक घरांत सुरुवातच चुकीच्या ढिगापासून होते. छापील कागद असलेल्या, कंपनीच्या कॅसेट आधी काढल्या जातात. त्या गाण्यांच्या कितीतरी स्वच्छ प्रती नेटवर पडून आहेत, त्यात वेळ घालवू नका. आधी घ्यायच्या त्या हाताने लिहिलेल्या आणि ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नाही अशा कॅसेट. गणपतीतले कार्यक्रम, मंगळागौर, रेडिओवरून उतरवून घेतलेलं काहीबाही, घरातल्या बैठका. इंदूरच्या मराठी घरात श्राद्धपक्षातली माळवी संजेची (मुलींच्या खेळाची) गाणी आणि पाठोपाठ येणारा हादगा एकाच फितीवर निघू शकतो. असं पुण्याच्या कॅसेटवर शोधून सापडायचं नाही. आणि हे शहर गाण्याचे रसिक रामूभैय्या दाते यांच्या बैठकींचं, उस्ताद अमीर खाँ जिथे वाढले ते, कुमार गंधर्वांचं देवास हाकेच्या अंतरावर असलेलं. नाव नसलेल्या स्पूलवर (फितीच्या मोठ्या रिळावर) काय असेल याचा नेम नाही. ऐकल्याशिवाय काही भंगारात घालू नका.

गाजलेल्या गाण्यांना मागे ठेवायचं आणखी एक कारण आहे. ‘शुक्रतारा’ गेली साठ वर्षं रेडिओवर, लग्नात, टीव्हीवर इतक्यांदा वाजलंय की आता त्याला एका जागेची आठवण चिकटून राहिलेली नसते. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला असलेलं, कुणी फारसं न ऐकलेलं गाणं मात्र ज्या घरात वाजलं तिथेच राहतं. ते लागलं की खोली, खाट, खिडकी सगळं बरोबर येतं. माणसाला उतारवयात सगळ्यात दाट आठवतो तो साधारण १० ते ३० या वयातला काळ, हे स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे १९४५ च्या आसपास जन्मलेल्या आजीसाठी १९५५ ते १९७५. आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ चं, विविध भारती १९५७ ची. घरात तेव्हा कॅसेट नव्हती, तबकड्या होत्या. १९६५ च्या मामा-मावशींसाठी मात्र कॅसेटच. कुणासाठी काम चाललंय ते आधी ठरवा, म्हणजे ढीग निम्मा होतो.

आता कॅसेट. हातात घेतली की आधी खिडकीतून फितीच्या कडेकडे बघा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट लावू नका, बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट डब्यात ठेवून आधी कोरडी होऊ द्या आणि ती सगळ्यात शेवटी, वेगळ्या, टाकाऊ मशीनवर वाजवा. भुकटी नसेल तर सहा कोनी पेन्सिल चाकात घालून दोन-चार वेढे फिरवा. चाक जड फिरलं तर फीत आत चिकटली किंवा कवच वाकलंय, प्ले दाबलं की ती गुंतणारच. मोकळं फिरत असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्या, म्हणजे वेढे सारखे बसतात. याला अपवाद १२० मिनिटांची कॅसेट. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉनची, ६० मिनिटांच्या कॅसेटची १८ च्या आसपास असते. पातळ फीत जोरात पळवली की ताणते, आणि ताणलेली फीत पूर्ववत होत नाही.

आवाज दबका, मधेच बुडतोय आणि वरचे बारीक आवाज गायब असं झालं तर बहुतेक लोक हेडला दोष देतात. कॅसेटच्या तोंडाशी, मधोमध, पितळी पट्टीवर चिकटवलेला लोकरीचा लहानसा तुकडा असतो, तो आहे का बघा. फीत हेडवर दाबून धरायचं काम त्याचं. त्याचा गोंद वाळतो आणि तुकडा पडून जातो. उपाय सोपा आहे. पाच स्क्रूची एक स्वस्त कॅसेट उघडा, तिची फीत काढून टाका आणि आपली फीत दोन्ही चाकांसकट त्या कवचात बसवा. जुन्या कवचाला स्क्रूच नसतील तर ते जोडावर पातळ पात्याने उघडावं लागतं, ते मोडतं, मोडू द्या. फीत तुटली असेल तर सेलोटेप अजिबात नको. उन्हाळ्यात त्याचा गोंद पाझरतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटतात. फीत जोडायची खास स्प्लायसिंग टेप ऑनलाइन मिळते.

टेपरेकॉर्डर घरातला जुनाच असेल तर आतला रबरी पट्टा बहुधा सैल झालेला किंवा डांबरासारखा वितळलेला असतो. पट्ट्याच्या मार्गावर दोरा फिरवून माप घ्या आणि त्याहून सुमारे ५ टक्के कमी घेराचा पट्टा जेल रोड-महाराणी रोडच्या दुकानांत मागा. हेड, त्याच्या शेजारची बारीक पोलादी दांडी आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीवर पुसा. काडी तपकिरी निघते, तो फितीवरचाच सुटलेला थर. दर तीन-चार कॅसेटनंतर पुन्हा पुसा.

आणि मग ते काम, जे जवळजवळ कुणी करत नाही. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. एक घट्ट बसलेला, दुसऱ्याखाली स्प्रिंग. स्प्रिंगवाला स्क्रू हेडचा कल ठरवतो. घरची कॅसेट ज्या मशीनवर भरली त्याचा कल आणि तुमच्या मशीनचा कल क्वचितच जुळतो, म्हणून ती गाणी ‘घोंगडीखालून’ ऐकू येतात. स्क्रूच्या मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. कॅसेट चालू ठेवून, चुंबक नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तो एका वेळी एक अष्टमांश फेरा फिरवा. कान टाळांवर आणि गाणाऱ्याच्या ‘स’, ‘श’ वर ठेवा. जिथे ते सगळ्यात धारदार होतात ती त्या कॅसेटची जागा. दर कॅसेटला हे नव्याने करायचं. कुठलंही सॉफ्टवेअर नंतर हा फरक भरून काढत नाही, कारण जे हेडने वाचलंच नाही ते फाइलमध्ये येतच नाही.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तार खुपसू नका. ते माइकसाठी आहे, टेपचा जोरदार आवाज त्यात फाटतो आणि दोन चॅनलचा एक होतो. लाइन इनपुट असलेला साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. टेपरेकॉर्डरला लाइन आउट असेल तर तिथून, नसेल तर हेडफोनच्या जागेतून, आवाज निम्म्यावर ठेवून. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवून भरा. सगळ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहू द्या. अख्खी बाजू एका दमात, मधलं कुजबुजणं, तबला लावणं, कुकरची शिट्टी, सगळ्यासकट. ९० मिनिटांच्या कॅसेटची वेव्ह फाइल साधारण दीड जीबी होते, फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता आटोपशीर होणारा फाइलचा प्रकार) पुष्कळ कमी. खरखर काढायची घाई नको. तानपुऱ्याचा झंकार आणि फितीची खरखर दोन्ही सॉफ्टवेअरला सारखीच वाटतात; खरखर काढली की तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा होतो. काढायचीच असेल तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका.

वेग बरोबर आहे का, ते पेटी सांगते. एका पट्टीपासून पुढच्या पट्टीचं अंतर जवळपास ६ टक्के. फोनवरच्या ट्यूनरला काळी एक २७७ हर्ट्झच्या आसपास दिसायला हवी. पेटीचा प्रत्येक स्वर दोन पट्ट्यांच्या मधे लटकत असेल तर वेग ३ टक्क्यांनी तरी चुकलाय. जुनी पेटी स्वतःच थोडी उतरलेली असू शकते, म्हणून दुसरा पुरावा बघायचा तो विजेच्या गुणगुणीचा. घरच्या विजेवर भरलेल्या कॅसेटमध्ये ५० हर्ट्झची बारीक गुणगुण असते. ऑडॅसिटीच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये साइझ ६५५३६ ठेवून ती शोधा. ४८ वर सापडली तर वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढवायला हवा. पण आधीच्या काळी संध्याकाळच्या भारात ग्रिडच ५० च्या खाली उतरायचं, तेव्हा पेटी आणि गुणगुण दोघांचं म्हणणं जुळलं तरच बदल करा. वाजवताना मशीन बॅटरीवर चालवा, नाहीतर आजची गुणगुण कालच्या गुणगुणीत मिसळते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे दोन्ही आपोआप वेगळ्या दिसतात. परदेशात काम करण्याचा एवढाच काय तो फायदा. वेग सुधारल्यावरच गाणं ओळखणारं अॅप लावा. चार टक्के चुकलेलं गाणं त्याला बहुधा ओळखू येत नाही.

याच ६० हर्ट्झमुळे इंदूरचा रेकॉर्ड प्लेअर इकडे आणण्याचा बेत फसतो. ट्रान्सफॉर्मर लावून ११० चे २३० व्होल्ट होतात, पण थेट विजेवर चालणारी एसी मोटर वारंवारतेने फिरते, व्होल्टने नाही. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४० फेऱ्यांनी फिरते आणि गाणारी बाई तीन पट्ट्या वर चढते. डीसी मोटर असेल तर काही अडत नाही, ते आधी बघून घ्या. कॅसेट आणायच्याच असतील तर विमानतळावरच्या एक्स-रेला घाबरू नका, त्याने फीत पुसली जात नाही.

७८ च्या तबकड्यांबद्दल थोडंसंच, पण महत्त्वाचं. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोल लाख विरघळवतं. ज्या बाटलीने कॅसेटचं हेड पुसलं तीच इथे वापरली तर खाचा कायमच्या जातात. काच पुसायचा स्प्रेही नको. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर एक लिटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, टिपून, उभी वाळवायची. सुई ७८ चीच हवी, सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई १८ ची, ती खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसता कचरा वाजवते. आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर एकदा लावून बघायचा मोह आवरा. त्याचा सुई धरणारा साउंडबॉक्स तबकडीवर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतो, आजच्या प्लेअरचा सुईचा दांडा तीन ते पाच. प्लेअरला ७८ नसेल तर ४५ वर वाजवून फाइलचा वेग ७३.३३ टक्क्यांनी वाढवला तरी चालतं. तबकडी नको असेल तर रद्दीत नाही. इंदूरजवळ पिगडंबरला लता मंगेशकरांच्या नावाचं ग्रामोफोन रेकॉर्डांचं संग्रहालय आहे, तिथे विचारा.

फाइल तयार झाली की काम निम्मं झालं. उरलेलं घरातल्या मोठ्या माणसांजवळ बसून करायचं. व्हिडिओ कॉलवरून गाणं ऐकवू नका. कॉलची अॅप एकसारख्या आवाजाला गोंगाट समजून कापतात, तानपुरा आणि पेटी आधी जातात. फाइल आदल्या दिवशी इंदूरला पाठवा, तिथल्या भाच्याने ती आजीजवळच्या स्पीकरवर लावावी आणि कॉलवर फक्त गप्पा व्हाव्यात. हिवाळ्यात इंदूरचे सकाळचे नऊ म्हणजे न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा. आजीचा चहा झालेला असतो आणि इकडची मुलं झोपलेली असतात.

तीस-चाळीस सेकंद ऐकवा, गाण्याचं नाव आधी सांगू नका. ‘आठवतंय का?’ हा सगळ्यात वाईट प्रश्न. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येतं आणि नाही म्हणावं लागलं तर माणूस खट्टू होतं. ‘हे कुठल्या खोलीत वाजायचं?’, ‘रेडिओ कुणाच्या ताब्यात असायचा?’, ‘पेटीवर कोण आहे?’ असं विचारा. चुकीचं साल सांगितलं तर दुरुस्त करू नका, नंतर टिपेत लिहा. एका बैठकीत तीन-चार गाण्यांच्या पलीकडे जाऊ नका. आणि जे सांगितलं जाईल ते फोनवर रेकॉर्ड होऊ द्या, तीही एक फाइलच.

टीप फाइलच्याच नावाने, साध्या मजकुरात. भरल्याचं साल, जागा, गाणारे, साथीदार, कुणी ओळखलं. खाली मिनिट-सेकंद टाकून ओळी: ‘१२:४० मागे कुकर, “दार लावा” म्हणणारी मोठी आत्या. १३:०५ तबला थांबतो, हातोडी सापडत नाही. १४:२० कडवं विसरलं, कुणीतरी ओळ सुचवतं, आवाज ओळखू आला नाही.’ ओळखू न आलेलं तसंच लिहून ठेवा, दुसऱ्या घरातल्या कुणाला येईल. गीतकार-संगीतकारांची नावं स्मरणावर न लिहिता ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर ताडून पाहा.

घरच्यांनी घरच्यांसाठी ठेवायला काही अडचण नाही. यूट्यूबवर टाकायचं असेल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, हे वेगवेगळं मोजा. घरात गाणाऱ्या काकूंनाही विचारा. त्यांचं गाणं जगाने ऐकावं असं त्यांना वाटेलच असं नाही.

तीन प्रती करा: एक इंदूरच्या घरातल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक आमच्याकडे. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. टीप सोबत हवी. नुसती फाइल आली तर आम्ही परत टीप मागणार आहोत.