तीन रविवार

स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला तेव्हा मी निफाडकडच्या एका वस्तीवर भक्ती, म्हणजे चर्चची उपासना, घ्यायला निघालो होतो. पिशवीत बायबल, आणि बायबलात हबक्कूक नावाच्या पुस्तकाच्या पानाशी एक खूण. ती खूण मी नववीत असताना घातलेली आहे. मैदानावर, स्नेहसंमेलनावर, आपल्या शिक्षकांवर बाकीचे लिहितीलच. मी त्या वर्षीच्या मार्चमधल्या तीन रविवारांबद्दल लिहितो, कारण पुढे माझ्या हातून जे काही बरं झालं त्याचं मूळ तिथे आहे.

मी बोर्डिंगचा मुलगा. वडिलांची, म्हणजे अण्णांची, गावाकडे दीड एकर द्राक्षबाग. थॉमसन जातीची. घड उतरायला आठ दिवस होते, व्यापारी बाग बघून गेला होता, आणि एका दुपारी वीस मिनिटं गारा पडल्या. बाजार समितीत आलेल्या गावच्या माणसानं बोर्डिंगवर येऊन मला सांगितलं. शनिवारी मी घरी गेलो. मण्यांना तडे गेलेले, काड्या सोललेल्या, आणि सगळ्या बागेत आंबूस वास. तो वास मला अजून सहन होत नाही. आई मंडपाखाली बसून घड वेचत होती. काय करायचं होतं त्या घडांचं, कोण जाणे.

त्याच संध्याकाळी बाहेरगावचे एक उपदेशक घरी येऊन गेले. नाव लिहीत नाही. प्रार्थना केली आणि जाताना अण्णांना विचारलं, "दशमांश नीट देता ना?" दशमांश म्हणजे उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा भाग; तो चुकला म्हणून ही शिक्षा, असा रोख. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्या मानेवरची शीर मात्र मला दिसली.

रविवारी सकाळच्या भक्तीला मी परत नाशकात होतो. पेटी-तबल्यावर रेव्हरंड टिळकांचं एक भजन झालं, आणि पाळकसाहेबांनी वाचनासाठी माझं नाव घेतलं. हबक्कूक, अध्याय पहिला. जुन्या करारातलं हे तीन अध्यायांचं लहानसं पुस्तक मी त्याआधी उघडलंही नव्हतं. ते सुरू होतं तक्रारीनं. मी किती काळ ओरडू, तू ऐकत का नाहीस, असं संदेष्टा थेट देवालाच विचारतो. जुलूम डोळ्यांसमोर चाललाय, नियमशास्त्र ढिलं पडलंय, न्याय वाकडा होऊन बाहेर पडतोय. देव उत्तर देतो, पण ते उत्तर आणखी भयंकर: खास्दी, म्हणजे बाबेलचे लोक, चालून येताहेत. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीचा तो काळ. पुढे त्याच बाबेलनं यरुशलेम पाडलं.

पाळकसाहेब त्या दिवशी जेमतेम दहा मिनिटं बोलले. बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या त्याच्या मित्रांची आठवण त्यांनी करून दिली. दुःखात बुडालेल्या माणसाला त्याचं पाप शोधून दाखवायला ते आले होते; आणि पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही. "ज्याला देवाशी भांडता येतं त्याचा देवाशी संबंध आहे," ते म्हणाले, "आजचा उपदेश इथेच थांबतो, कारण आज माझ्याकडे यापुढचं काही नाही." आणि खाली बसले. सांत्वनाचं एक वाक्य नाही. बाहेर पायऱ्यांवर लोक कुजबुजले, हा कसला उपदेश. मला मात्र आठवडाभरात पहिल्यांदा श्वास घेता आला. अण्णा पापी नव्हते.

दुसऱ्या रविवारी दुसरा अध्याय, आणि त्यात न्याय. दुसऱ्याचं लुबाडून घर बांधणाऱ्याला संदेष्टा सांगतो की भिंतीतला दगड ओरडेल आणि तुळई त्याला साद देईल. त्या रविवारी चर्चमध्ये बरेच बागायतदार बसले होते. पैसे बुडवून रातोरात पसार होणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल पाळकसाहेब बोलले तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते विरळणीला, म्हणजे घडांतले मणी विरळ करायला, येणाऱ्या बायांच्या मजुरीवर आले. गारपीट झाली म्हणून कोणाकोणाची मजुरी अडली आहे, असं त्यांनी विचारलं. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात रोखून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, हे वाचून दाखवलं. "आपलं नुकसान झालं हे खरं. त्यांचंही झालं, आणि त्यांच्याकडे सातबारा नाही."

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. याच शहरात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्यांनी तो वर्षानुवर्षं लढवला, हे सांगून ते म्हणाले, आपण दुसऱ्यांच्या बंद दाराकडे बोट दाखवू नये, आपल्याकडे सोयरीक जुळवताना आधी "मूळचे कोण?" हे विचारतात, तेही दारच आहे. मंडळीतले एक वडीलधारे उठून बाहेर गेले. पाळकसाहेबांनी ते जाईपर्यंत वाट पाहिली आणि पुढे बोलू लागले. धीटपणा म्हणजे काय, हे मी त्या क्षणी पाहिलं.

ज्या रस्त्यावरून आम्ही शाळेत जायचो त्या शरणपूरचं नावही त्यांनी त्या दिवशी उलगडून दाखवलं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीनं वसवलेली ही वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे आणली गेली. शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले तेव्हा तिथे दफनविधीचं वाचन त्यानं केलं, त्यांच्या देहासोबत इंग्लंडपर्यंत गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटी वाहणाऱ्यांमध्ये होता. नाशकात शिकलेला मुलगा! आज शरणपूर रोडवर दुकानांच्या पाट्यांमधून जाताना किती जणांना हे ठाऊक असतं? शरण आलेल्याला जागा देणारं पूर. शाळेच्या नव्या मुलांना हे वर्गात सांगितलं जावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसऱ्या रविवारी अण्णा नाशकात आले होते, मागच्या बाकावर बसले होते. वाचन पुन्हा माझ्याकडे. तिसरा अध्याय, शेवटची तीन वचनं. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलींना फळ नाही... तिथे माझा आवाज बसला. पाळकसाहेब उठून शेजारी येऊन उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला, पण पुस्तक काही माझ्या हातून घेतलं नाही. मी वाचलं. जैतुनाचं पीक बुडालं, शेतात अन्न नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरं नाहीत. आणि मग "तरी".

त्या "तरी"वर ते बोलले. सहा गोष्टी गेल्याचं एकेक नाव घेऊन सांगितल्यावर तो शब्द येतो. आधी आला असता तर खोटा ठरला असता, असं ते म्हणाले. नीतिमान आपल्या विश्वासानं जगेल, हे पौलानं पुढे रोमकरांच्या पत्रात घेतलेलं वचन मूळ हबक्कूकचंच. तिथला विश्वासासाठीचा इब्री (हिब्रू) शब्द बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातही येतो. अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे हात थकतात, तेव्हा अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी ते धरून ठेवतात, आणि हात सूर्यास्तापर्यंत स्थिर राहतात. ते स्थिर राहणं, तोच शब्द. "विश्वास म्हणजे एकट्यानं छाती काढून उभं राहणं नव्हे. मंडपाला टेकू लागतो हे तुम्हाला मी काय सांगायचं?"

भक्ती झाल्यावर त्यांनी कोट उतरवला, बोर्डिंगच्या मोठ्या मुलांना एका टेंपोत घातलं, आणि आम्ही तीन गावांत पडलेले मंडप उभे केले. आमच्या बागेत शेवटी आलो. अण्णांनी चहा केला. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही.

पुढे मी नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी उपदेश करू लागलो. किती वेळा मोह झाला की पहिल्या अध्यायातून उडी मारून थेट शेवटच्या "तरी"वर जावं! लोकांना तेच ऐकायला हवं असतं. पण मधला अध्याय गाळला की आशा नुसती थापटणी होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. एप्रिल २०२१ मध्ये, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, कबरस्तानात चार-पाच माणसांसमोर उभा राहायचो. २१ तारखेला नाशकात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून जास्त रुग्ण तडफडून गेले. त्यानंतरच्या रविवारी फोनवरून भक्ती घेतली तेव्हा मी हबक्कूकची पहिली दोन वचनं वाचली आणि पाळकसाहेबांसारखाच थांबलो. पुढच्या रविवारी मृतांच्या घरच्यांना जबाब कोण देणार, यावर बोललो. काहींना ते चर्चमध्ये बोलायचं वाटलं नाही. मला वाटतं, दुसरीकडे कुठेही बोलण्याआधी ते तिथेच बोललं पाहिजे.

त्या गारपिटीच्या वर्षीच्या सुगीच्या सणाचं सांगायचं राहिलं. सुगीला मंडळी आपल्या पिकातलं अर्पण आणतात, भक्तीनंतर त्याचा लिलाव होतो. अण्णांकडे आणायला काही नव्हतं. त्यांनी ऑक्टोबर छाटणीच्या काड्यांची मोळी बांधून आणली आणि भोपळ्यांच्या, कोंबड्यांच्या रांगेत वेदीसमोर ठेवली. लिलावात पाळकसाहेबांनी पहिली बोली लावली, घेतली आणि परत दिली. दुसऱ्यानं घेतली, परत दिली. भक्तीतून उठून गेलेले ते वडीलधारेही बोलीला उभे राहिले. विरळणीला येणाऱ्या एका मावशींनी पाच रुपयांना घेतली तेव्हा कुणी वर बोली लावली नाही. त्यांनी ती बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात पोहोचवायला सांगितली. त्या रात्री तिच्यावर आमच्या भाकऱ्या भाजल्या, आणि अण्णा आमच्या पंगतीला बसून जेवले.