पिस्तूल आलं, ग्रिप पाच महिन्यांनी

पहिलं एअर पिस्तूल घेणाऱ्यांना, त्यातही डावखुऱ्यांना, आधीच सांगते: आपल्या हाताची, आपल्या मापाची ग्रिप (पिस्तुलाची मूठ) समोर असल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मी दिले.

मी कोल्हापूरची. आमच्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून नेमबाजी डोक्यात होती. रेंजवर पाऊल टाकलं ते मात्र ३६ व्या वर्षी. चार महिने क्लबच्या पिस्तुलावर काढल्यावर प्रशिक्षक सर म्हणाले, "मॅडम, आता स्वतःचं घ्या." परवान्याची भीती मनात होती, पण ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला तो लागत नाही. मग स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी या कंपन्यांच्या पिस्तुलांत आठवडाभर डोकं पिकवलं आणि स्टायर घेतलं. तो आठवडा मी ग्रिपवर घालवायला हवा होता.

माझा हात लहान, त्यात डावा. दुकानात डाव्या हाताची मीडियम होती, स्मॉल नव्हती. विक्रेता म्हणाला, "ताई, तोवर ही वापरा. तीन आठवड्यांत स्मॉल येईल, बदलून देतो." पण एक अट होती, मीडियमवर ओरखडासुद्धा नको. म्हणजे कानस लावायची नाही, लाकडाची लांबी (पुट्टी) भरायची नाही, काहीच नाही.

त्या ग्रिपवर माझं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकानेच पोचायचं. दाब मागे न जाता बाजूला जायचा आणि छर्रे उजवीकडे, सात-आठच्या रिंगणात. दहा गुणांचं मधलं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं असतं, तिथे एवढी चूक खपत नाही. सर रोज एक चाचणी करायला लावायचे: डोळे मिटा, हात उचला, स्थिर झाला की उघडा. पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप आपली. मला ती रोज एका कडेला चिकटलेली दिसायची. मनगट वळवून मी ती मध्ये आणायची, आणि विसाव्या छर्र्यापर्यंत मनगट भरून यायचं.

दर सोमवारी फोन. "निघालंय." "कस्टममध्ये आहे." "या आठवड्यात नक्की." चौथ्या महिन्यात मी ऑर्डरची प्रत मागितली. आधी टाळाटाळ, मग आली. तारीख बघितली तर ऑर्डर जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी टाकलेली! म्हणजे साडेतीन महिने कस्टममध्ये काहीच नव्हतं. त्या दिवशी रेंजवर मी एकही छर्रा मारला नाही, हातच स्थिर होईना. आजही ते आठवलं की राग येतो. म्हणून सांगते, पावतीवर ग्रिपचा हात, माप आणि ऑर्डरची तारीख लिहून घ्या. निम्मे पैसे ग्रिप हातात येईपर्यंत स्वतःकडे ठेवा.

स्मॉल आली ती पाचव्या महिन्यात. अंगठ्याच्या मुळाशी थोडी टोचत होती, तेवढंच पॉलिश पेपरने घासलं. डोळे मिटले, हात उचलला, उघडले. साइट खाचेत, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. मी सरांना हाक मारून बोलावलं आणि पुन्हा तीनदा करून दाखवलं.

ट्रिगरचं राहिलंच. तो दाबायला लागणारं वजन ५०० ग्रॅमच्या खाली नेऊ नका. स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात, आणि नवशिक्याला हलका ट्रिगर तसाही घात करतो. कुठला डोळा प्रबळ आहे तेही आधी बघून घ्या. माझा हातासारखाच डावा निघाला, हे नशीब. आणि जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. आत २०० बार दाबाची हवा असते. दहा वर्षं उलटलेला सिलिंडर कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.