पोर्वोतली वेलची

शनिवारी सकाळची कामं आवरली की मी कोट चढवते, बुटांना बर्फावर चालायचे काटे लावते आणि जुन्या गावाकडे निघते. हेलसिंकीच्या पूर्वेला ५० किलोमीटरवर, नदीकाठचं हे पोर्वो. नवऱ्याच्या रिफायनरीतल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, त्याला आता चार वर्षं होतील.

१७६० च्या आगीत जुन्या पोर्वोचा बराचसा भाग जळाला. लोकांनी पुन्हा घरं बांधली ती जुन्याच वाटांच्या कडेने. म्हणून गल्ल्या अजूनही वाकड्यातिकड्या, दगडगोट्यांच्या, चर्चकडे चढत जाणाऱ्या. नदीवर लाल रंगाची लाकडी गोदामं आहेत. उन्हाळ्यात पर्यटक त्यांचे फोटो काढतात, आणि काढावेतच इतकी ती देखणी आहेत. मला मात्र ती फेब्रुवारीत जास्त आवडतात. नदी गोठलेली असते, काठावर चिटपाखरू नसतं.

माझं नेहमीचं कॅफे अशाच एका लाकडी घरात आहे. ठेंगणं दार, पावलागणिक करकरणाऱ्या रुंद फळ्या, कोपऱ्यात पांढऱ्या टाइलची उंच जुनी शेगडी. काउंटरवर पैसे द्यायचे, कप घ्यायचा आणि कॉफी आपली आपण ओतून घ्यायची. इथे बिया हलक्या भाजतात, त्यामुळे कॉफी रंगाने फिकी आणि चवीला जराशी आंबट. फिनलंडमध्ये माणशी वर्षाला सुमारे १० किलो कॉफी लागते. एकेका माणसाला दिवसात चार-पाच कप पिताना पाहिलं की हा आकडा पटतो.

पहिल्यांदा आले ती केवळ ऊब मिळावी म्हणून. डिसेंबर होता, दुपारी साडेतीनलाच अंधारलेलं, आणि भाषेचा एक शब्द येत नव्हता. काचेआडच्या एका गुंडाळीदार पावाकडे बोट दाखवलं. त्याचं नाव ‘कोर्वापूस्ती’, म्हणजे चक्क ‘कानाखाली चपराक’, हे नंतर कळलं. पहिला घास घेतला आणि दाताखाली वेलची आली. भरड कुटलेली, आपल्यासारखीच! फिनलंडमध्ये गोड पावाच्या पिठात वेलची घालतातच, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या सांगलीच्या घरी चहा रोजचा आणि कॉफी पाहुण्यांची. आजी त्या दुधाच्या कॉफीत जायफळ उगाळायची, वर वेलचीची पूड टाकायची. तो वास इतक्या दूर, बर्फातल्या गावात, असा अचानक भेटला आणि डोळे भरून आले.

इथे दुसऱ्या कपाला ‘सांत्सी’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी तो फुकट किंवा अगदी थोडक्यात मिळतो. रिकामा कप घेऊन उठायचं, भरून आणायचं, परत बसायचं. कोणी ‘अजून काही हवंय का’ म्हणत टेबलाशी घुटमळत नाही. लोक एकेकटे येतात, वर्तमानपत्र वाचतात, खिडकीबाहेर बघत राहतात. सुरुवातीला ही शांतता मला परकी वाटली. आता आठवडाभर तिचीच वाट बघते.

जानेवारीपासून काउंटरवर रूनेबेर्ग केक दिसू लागतात. योहान लुडविग रूनेबेर्ग हा फिनलंडचा राष्ट्रकवी. इथलं राष्ट्रगीत त्याच्याच कवितेतलं. १८५२ पासून १८७७ मध्ये वारला तोवर तो पोर्वोतल्या ज्या घरात राहिला, तिथे आता संग्रहालय आहे. ५ फेब्रुवारी हा त्याचा जन्मदिवस. उभट गोल केक, बदामाचा, रममध्ये भिजवलेला, डोक्यावर साखरेच्या कड्यात रास्पबेरीचा जॅम. तो त्याला फार आवडायचा आणि त्याची बायको फ्रेड्रिका घरी करायची, असं सांगतात. फ्रेड्रिका स्वतः कादंबरीकार होती. गावात केकबरोबर तिचं नावही निघतं याचा मला आनंद होतो.

गेल्या मे महिन्यात आई आली होती. पहिला घोट घेऊन म्हणाली, “अगं, ही कॉफी की काढा?” मग पाव मोडला, नाकाशी नेला आणि गप्प झाली. त्यानंतर रोज अकरा वाजता तीच विचारायची, “जायचं ना गं?” निघायच्या आदल्या दिवशी तिने पर्समधून हिरव्या वेलदोड्यांची पुडी काढून काउंटरवरच्या बाईंच्या हातात ठेवली. त्यांनी एक दाणा सोलला, वास घेतला, डोळे मिटले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. थोड्या वेळाने त्या काउंटरमागून बाहेर आल्या आणि आईचा दुसरा कप स्वतः भरून टेबलावर आणून ठेवला.