आकाशातले ठिपके काढून द्या

कशेळीच्या देवघळीजवळ सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला एका होमस्टेवाल्यांचं फोटोंचं काम होतं. समुद्र, कातळाचे कडे, सूर्यास्त, जमलं तर खालची छोटी पुळण, एवढंच सांगितलेलं. ऑक्टोबरची सुरुवात म्हणजे माझ्या मते रत्नागिरी साइडला शूट करायची सगळ्यात भारी वेळ, पावसाने हवा धुतलेली असते, सड्यावरचं गवत अजून पार पिवळं पडलेलं नसतं आणि मे महिन्यातला तो दुधाळ हेझ नसतो. फक्त ऊन असलं की ट्रायपॉडला हात लावायची सोय नाही.

चार-साडेचारला वाइड लेन्सने फ्रेम काढायला लागलो. मालक मागून स्क्रीनवर बघत होते, म्हणाले, "ओ, तुमच्या कॅमेऱ्यात कचरा गेलाय वाटतं, हे ठिपके बघा की." असिस्टंटने लगेच ब्लोअर काढला, कारण सेन्सरवर धूळ असली की ती पहिली आकाशातच दिसते. पण धुळीचा ठिपका दर फोटोत त्याच जागी असतो, आणि हे ठिपके दर फ्रेमला जागा बदलत होते. झूम केलं तर ठिपक्याला चार पंख! मग वर बघितलं. डोक्यावर नुसते चतुर, कड्याला आपटून वर उठणाऱ्या वाऱ्यावर पंख जवळजवळ न हलवता तरंगत होते, शेकड्याने असतील.

हे ग्लोब स्किमर जातीचे चतुर. पावसाबरोबर येतात, सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतात, आणि डबकं आटायच्या आत पिल्लं पंख फुटून बाहेर, सहा-सात आठवड्यांत सगळा कारभार उरकतो. लांबी जेमतेम साडेचार-पाच सेंटीमीटर. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की दर ऑक्टोबरला तिथे चतुरांचे थवेच्या थवे उतरतात, जिथे त्यांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच. मग आले कुठून? २००९ मध्ये त्याने मांडलं की हे भारतातून निघतात, हजार मीटरच्या वर ईशान्येचा वारा पाठीशी घेऊन मालदीव, सेशेल्स करत पूर्व आफ्रिकेत जातात आणि पुढच्या पिढ्या नैऋत्य मान्सूनबरोबर परत येतात. सगळा फेरा चौदा ते अठरा हजार किलोमीटरचा, साधारण चार पिढ्यांत मिळून. आणि आम्ही ब्लोअर मारत होतो.

काम बाजूला ठेवलं (मालक चहा सांगायला गेले होते, बरं झालं). दिवसा हे सहसा टेकत नाहीत त्यामुळे अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स कामाची नाही, लांबचं टिपणारी सत्तर-दोनशेची झूम लेन्स लावली, एका अंतरावर फोकस लॉक केला, शटर १/३२०० आणि चतुर त्या पट्ट्यात आला की दाबायचं. बहुतेक फ्रेममध्ये निव्वळ आकाश किंवा अर्धं शेपूट. करवंदीच्या जाळीत, वाऱ्याच्या आडोशाला मात्र एक मिळाला, काडीला उभा लटकलेला, हे बसतात ते असेच. आडवा झोपून त्याच्याकडे सरकत गेलो, कोपरं सोलली. पोट पिवळंधमक, पाठीवर तांबूस झाक, डोळे वरून चॉकलेटी, दर पंखाच्या टोकाशी एक तांबडा ठिपका आणि मागच्या उजव्या पंखाची कड करवतीसारखी फाटलेली. तशा पंखाने तो माझ्या देखत उठला आणि सरळ थव्यात गेला.

चहा घेऊन मालक आले, फोटो बघितले. "किडे छान आलेत, पण माझ्या फोटोत नकोत हां. गेस्ट म्हणतील रूममध्ये डास असणार." चतुर डास खातात असं सांगून बघितलं. उपयोग शून्य. एडिटिंगला एकेक ठिपका पुसत बसायचं तर रात्र गेली असती, म्हणून सूर्य टेकल्यावर एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी काच) लावून तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं. तीस सेकंदांत लाटांचं धुकं होतं आणि जे सतत हलतं ते फोटोत उमटतच नाही. डोक्यावर तेव्हाही थवा होताच.

मालकांनी स्क्रीन बघितली आणि जाम खुश. "हे बघा, आता कसं स्वच्छ आलं! मगाशी साफ केलात ना कॅमेरा?"

असिस्टंट म्हणाला, "हो हो, केला ना."